आमच्या कोलोचा श्रावण

वाकोल्याच्या आमच्या बैठ्या चाळीत ज्याच्या त्याच्याकडे मिरवायला काहीतरी होतं. कुणाकडे दुबईचा टेपरेकॉर्डर, कुणाचा मुलगा पार्ल्याच्या कॉलेजात पहिला आलेला. कोपऱ्यावरच्या घरात रंगीत टीव्ही होता आणि त्या घरातल्या बाई खिडकीचा पडदा मुद्दाम उघडा ठेवत. माझ्याकडे वाळवंटातला कोल्हा होता. खराखुरा सहारातला, सुपाएवढ्या कानांचा आणि शेपटी सोडली तर हातभर लांबसुद्धा नसलेला. ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत मुंबईच्या उपनगरातल्या एकाही बाईने असला प्राणी पाळला नसेल, हे मी आजही छातीठोकपणे सांगते. कुणी पाळला असेल तर पुढे यावं.

नवरा बोटीवर होता, इंजिनखात्यात. नऊ-नऊ महिने समुद्रावर आणि दोन-अडीच महिने घरी, असा आमचा संसार. सुएझच्या कालव्यात शिरण्याआधी बोटी रांगेत थांबतात, तेव्हा छोट्या होड्यांतून माणसं खजूर आणि चामड्याच्या पिशव्या विकायला येतात. अशाच एका होडीत पायाला सुतळी बांधलेलं हे पिल्लू होतं. नवऱ्याला वाटलं मांजराचं आहे. सुतळीने पाय सोलवटला होता, ते त्याला बघवेना, म्हणून त्याने मनगटावरचं घड्याळ काढून दिलं आणि ते पिल्लू घेतलं. गोदीच्या गेटातून ते बाहेर कसं आलं हे त्याने कधी नीट सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. कायदेकानू आम्हाला ठाऊक नव्हते. आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, बाबांनो, असला प्राणी घरी आणू नका, तो त्याच्या वाळूतच बरा. पण आमच्याकडे तो येऊन बसला होता आणि त्याला परत पाठवायला वाळवंटाची बस काही वाकोल्यातून सुटत नव्हती.

शिमग्याच्या सुमारास तो आला. सासूबाईंनी आधी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. त्या मालवणकडच्या. गावात कोल्हा रडला की कुणीतरी जातं, हे त्यांच्या मनात पक्कं. सासरे गिरणीत होते, ते जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि घरात आता अपशकुन नको असं त्यांचं म्हणणं होतं. मग नवऱ्याने पिशवीची चेन उघडली. आतून आधी दोन कान वर आले, आणि बऱ्याच वेळाने दोन काळे डोळे. सासूबाई ते कान बघत राहिल्या. असले कान गणपतीच्या देवळात सोडून दुसरीकडे पाहिले नाहीत, असं काहीतरी पुटपुटत त्या आत गेल्या आणि बशीत दूध घेऊन आल्या. मालवणीत कोल्ह्याला कोलो म्हणतात. त्या दिवसापासून त्याचं तेच नाव पडलं.

मेअखेरीला नवरा परत बोटीवर निघाला. चाळीतल्या सगळ्यांनी एव्हाना निकाल देऊन टाकला होता की हे जनावर पावसाळा काढत नाही. नवऱ्यालाही तसंच वाटत होतं. बॅग उचलताना तो मला म्हणाला, "जगला तर जगला. नाही जगला तर पत्रात लिहू नको. आल्यावर सांग."

मला संताप आला. मी पार्ल्याच्या एका कारखान्यात बिस्किटांच्या पॅकिंगला होते. आठ तास उभं राहून काम करायचे आणि घरी येऊन स्वयंपाकही करायचे. माझ्या हातून आजवर तुळशीचं रोपसुद्धा मेलं नव्हतं. मी त्याला सांगितलं, तू येशील तेव्हा तो तुला दारात भेटेल. बोलून बसले आणि मग रात्रभर विचार करत राहिले की हे करायचं कसं.

तेव्हा कोणतं पुस्तक नव्हतं, विचारायला कुणी नव्हतं. जे केलं ते डोळे उघडे ठेवून केलं. कोलोला ओल सोसत नव्हती. पहिल्या आठवड्यातच तो शिंकायला लागला, कान गार पडले. गावाहून आलेली हापूसची रिकामी पेटी मी आडवी केली, वर एक बल्ब टांगला आणि भोवती गोणपाट लावलं. उकरण्याची त्याला भारी हौस. गादी उकरली, तांदळाचा डबा उकरला, माझी एक बरी साडी उकरली. म्हणून शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर रेती आणली. पण पावसाळ्यात रेती दोन दिवसांत ओली व्हायची. मी हात टेकले, तेव्हा सासूबाई उठल्या. त्यांनी माळ्यावरून लोखंडी कढई काढली, स्टोव्ह पेटवला आणि रेती भाजायला बसल्या. गावाला त्या लहानपणी गरम रेतीत लाह्या फोडत, ते त्यांना आठवलं. पदर तोंडावर धरून त्या उलथन्याने रेती वरखाली करत आणि बोट घालून कोमट झाली का बघत. मग ती पेटीत ओतली की कोलो तिच्यात असा लोळे की आम्हा दोघींना हसू आवरत नसे. जून-जुलै एक दिवसाआड आमच्या घरात रेती भाजली गेली. चाळीतल्या बायका विचारत, आज काय केलंय गं? मी सांगायचे, रेती.

त्यात मला लाज वाटत नव्हती, उलट फार अभिमान वाटायचा. आणि कोलो वाढत होता. बांगड्याचा तुकडा, उकडलेलं अंडं, कधी कोंबडीची कलेजी, हे सगळं तो मिटक्या मारत खाई. संध्याकाळ झाली की जागा होई आणि घरभर झुरळांची शिकार करी. त्याच्या कानांना भिंतीमागचं झुरळसुद्धा ऐकू येई. महिन्याभरात आमच्या मोरीत औषधाला झुरळ उरलं नाही. शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहायच्या, एकट्या. या आमच्या चाळीतल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी एकदा कोलोला एका रात्रीसाठी मागून नेलं, आणि सकाळी त्याच्यासोबत केकचा तुकडा पाठवला. मी कारखान्यातून आले की तो माझी बोटं चाटत बसे, कारण हाताला बिस्किटांचा वास असे. नवऱ्याला मी पत्रात लिहिलं की जनावर मजेत आहे, तू स्वतःची काळजी घे.

आणि मग श्रावण आला.

एरवी आमच्या घरात मासळीशिवाय घास उतरत नसे, पण श्रावण म्हणजे श्रावण. सासूबाईंचा तर तो नवस होता. मुलगा पहिल्यांदा बोटीवर चढला तेव्हा विशीतला होता. त्या वर्षी त्यांनी शंकरापुढे हात जोडून सांगितलं, की तो समुद्रावर असेल तोवर श्रावणात माझ्या घरात मासळी येणार नाही, सोमवारी मी पाण्यावर राहीन, तू त्याला राख. त्याच वर्षी त्याची बोट मोठ्या वादळात सापडली आणि सुखरूप निघाली. घरी आल्यावर त्याने आईचे पाय धरले आणि म्हणाला, तुझ्या श्रावणाने वाचलो. तेव्हापासून तो नवस दोघांचाही झाला. मलाही लग्न होऊन आल्यावर पहिली गोष्ट हीच सांगितली गेली. भर समुद्रात, इंजिनच्या खोलीत, वारा सुटला की तो आईचा श्रावण आठवतो, हे त्याने मला स्वतः सांगितलं होतं.

मुलाच्या नावाचा श्रावण, आणि कोलो मुलाने आणलेला. तेव्हा त्यानेही श्रावण पाळायचा, हे सासूबाईंनी मला न विचारता ठरवून टाकलं. मी जरा कुरकुरले. त्यांनी मला म्हण ऐकवली, कोल्हा काकडीला राजी. आमचे वाडवडील काय वेडे होते का, असं वर विचारलं. बाजारात काकड्यांचे ढीग लागले होते. त्यांनी एक सोलली, चकत्या केल्या आणि पुढ्यात ठेवल्या. आणि त्या लबाडाने खाल्ल्या की हो! कुरुम कुरुम करत सगळ्या चकत्या संपवल्या. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हण खरी ठरली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही बरंच वाटलं. रात्री झुरळं मारून श्रावणात पाप नको, म्हणून त्याला पेटीत ठेवून वरून फळी लावायचंही ठरलं.

पहिला आठवडा दहीभात आणि काकडीवर गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याचं पोट बिघडलं. दहीभात तो हुंगून सोडून देऊ लागला, काकडीही अर्धी राही. सासूबाई त्याला मांडीवर घेऊन बोटाने भरवत. त्यांच्या हातून दोन घास घेई, माझ्या हातून तेवढेही नाही. मग शेपटीचे केस गळायला लागले. नारळी पौर्णिमेला आम्ही नारळीभात केला आणि त्याच्यापुढे ठेवला, तर तो उठलासुद्धा नाही. ते कान, जे घरात चिमणी आली तरी फिरायचे, ते खाली पडले होते. मी भाजलेली रेती त्याच्या अंगाखाली पसरली. तो उकरेना.

कोपऱ्यावरच्या दूध केंद्रातल्या बाईने सांगितलं की आरे कॉलनीत म्हशींचे डॉक्टर असतात, त्यांना दाखवा. सोमवारी मी रजा टाकली. सासूबाईंचा कडक उपास, तरी त्या म्हणाल्या मीही येते. झाकणाच्या करंडीत जुनं लुगडं अंथरून कोलोला ठेवलं आणि निघालो. आरेच्या बसमध्ये त्या खिडकीशी करंडी मांडीवर घेऊन बसल्या. बाहेर नुसती झाडी, मग गोठे, मग परत झाडी. कंडक्टरने विचारलं, मांजर का? मी हो म्हटलं. खोटं बोलले त्याचं काही वाटलं नाही, पण मी त्या दिवशी पहिल्यांदा कोलोची ओळख अभिमानाने करून दिली नाही, हे मात्र मला लागलं.

डॉक्टर गुडघ्यापर्यंत बूट घालून एका म्हशीशेजारी उभे होते. त्यांनीही असला प्राणी कधी पाहिला नव्हता आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं. पण त्यांनी त्याचं तोंड उघडून दात बघितले, पोट दाबलं, आणि काय खायला देता म्हणून विचारलं. मी सांगत गेले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

"याचे दात बघा," ते म्हणाले. "हे मांस खाणारं जनावर आहे. याला उपासाला कुणी बसवलं?"

सासूबाई छातीला हात लावून म्हणाल्या, "मिया."

डॉक्टरांनी आवाज उतरवला. काकडी खाईलही, म्हणाले, पण तिच्यावर जगणार नाही. आज संध्याकाळपासून मासळी, अंडं, मांस, जे घरात शिजतं ते बिनमिठाचं द्या. चार दिवसांत उभा राहिला तर राहिला.

परतीच्या बसमध्ये मी मनात आखणी करत होते. नवस मोडायचा नव्हता, मलाही तो मोडलेला नको होता. माझाच नवरा तिकडे समुद्रावर होता. शेजारच्या मावशींकडे श्रावणाचं बंधन नव्हतं. त्यांच्याकडे शिजवायचं आणि गुपचूप भरवायचं, झालं. वाकोल्याला उतरल्यावर मी सासूबाईंना तसं सांगितलं. मी शिजवून आणते, म्हटलं, आपल्या घरात नको.

त्या चालता चालता थांबल्या. "देवाक शेजारचा घर दिसणा नाय?" त्यांनी विचारलं.

आणि त्या घराकडे न वळता बाजाराकडे वळल्या. नारळी पौर्णिमा झाल्यामुळे कोळणी नव्या मासळीच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. आमची नेहमीची कोळीण सासूबाईंना वर्षानुवर्षं ओळखत होती. श्रावणात ती आमच्या दारावरून हाक न मारता जायची. सोमवारच्या दिवशी सासूबाईंना पाटीसमोर उभं बघून तिला वाटलं, म्हातारीला वाराचं भान राहिलं नाही.

"आये, आज सोमवार हाय ना. श्रावन हाय," ती हळूच म्हणाली.

"म्हायत हा माका," सासूबाई म्हणाल्या. "मांदेली दी. साफ करून दी."

आजूबाजूला चाळीतल्या दोघी-तिघी उभ्या होत्या. त्या बघत राहिल्या. उद्या सगळ्या ओळीत हे पसरणार, हे मला कळलं. सासूबाईंना माझ्याआधी कळलं असणार. तरी त्यांनी पिशवी पदराखाली घेतली नाही. हातात धरून चाळीच्या मधून चालत आल्या.

घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, देवासमोर दिवा लावला आणि स्टोव्हवर पातेलं ठेवलं. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मांदेली शिजायला लागली, घरात वास पसरला, आणि मला रडू आलं. भीतीने आलं, हे कबूल करते. मी म्हटलं, आई, नवस आहे तो त्यांच्यासाठी. काही झालं म्हणजे?

त्यांनी स्टोव्हची वात बारीक केली आणि माझ्याकडे न बघता बोलल्या.

"सोमवार मी धरलंय. तेना नाय." मग म्हणाल्या, "माझ्या झिलाक तो सांभाळतलो. ह्येका उपाशी मारून सांभाळणारो देव माका नको."

मुलाला देव सांभाळेल, पण या मुक्याला उपाशी मारून सांभाळणार असेल तर असला देव मला नको. चौथीपर्यंत शिकलेली बाई. मी तिच्याकडे बघत राहिले. माझ्या आयुष्यात मला त्या क्षणाइतका कुणाचा अभिमान वाटलेला नाही, आणि त्याच क्षणी मला तिचा रागही आला. दोन्ही खरं आहे.

त्यांनी मासळीचा एकेक काटा काढला, बोटांत कुस्करली आणि कोलोच्या ओठाला लावली. आधी त्याने नुसतं चाटलं. मग बोटासकट तोंडात घेतलं. सात-आठ मांदेली संपायला तासभर लागला. मग सासूबाईंनी हात धुतले आणि उपास सोडायची वेळ झाली तरी सोडला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्यावर राहिल्या. श्रावणातले उरलेले सोमवार त्यांनी तसेच केले. स्वतःच्या वाट्याचं तेवढं त्यांनी वाढवून घेतलं. पण मासळी रोज शिजली, दार उघडं ठेवून शिजली. चाळीतल्या बायकांनी दोन सोमवार त्यांना कहाणी वाचायला बोलावलं नाही. सासूबाईंनी घरी बसून कहाणी वाचली, समोर मी आणि कोलो.

चौथ्या दिवशी तो पेटीतून बाहेर आला. सहाव्या दिवशी त्याने गादी उकरली. मी त्याला एकही चापट मारली नाही, उकरू दिली.

पुढे मात्र दोन महिने नवऱ्याचं पत्र आलं नाही. पत्रं उशिरा येतात हे ठाऊक होतं, तरी पोस्टमन आमच्या ओळीत वळला की आम्ही दोघी हातातलं काम टाकून उभ्या राहायचो आणि एकमेकींकडे बघायचं टाळायचो. रेडिओवर कुठल्या तरी समुद्रात वादळ झाल्याचं ऐकलं की मी रेडिओ बंद करायचे. एकदा मी कोलोवर उगाच खेकसले. सासूबाईंनी उठून त्याची रेती भाजायला घेतली, पाऊस संपून गेला होता तरी. दिवाळी संपल्यावर एकदम तीन पत्रं आली. मी ती मोठ्याने वाचून दाखवली, आणि सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसून ऐकत होत्या.

माघात तो आला. मी बोलल्याप्रमाणे कोलो दारात होता. कान ताठ, शेपटी झुपकेदार, चेहऱ्यावर अशी मिजास की घर त्याच्याच बापाचं. नवरा बॅग हातात घेऊन उभाच राहिला. त्याने सगळ्या पत्रांत वाचलं होतं की जनावर मजेत आहे, पण त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता. मी त्याला धीर द्यायला लिहिते असं त्याला वाटत होतं. मला त्याचा चेहरा बघून जे सुख झालं त्याला तोड नाही. सासूबाईंनी कोलोकडे पाहिलंही नाही. त्यांनी मुलाचे हात हातात घेतले, दंड चाचपले, तोंडावरून हात फिरवला, आणि मग जमिनीवर बसल्या.

जेवताना त्याने विचारलं, "आये, ह्येका खाऊक काय घालतस?"

मी तोंड उघडलं. सगळी कथा माझ्या जिभेवर होती, आणि मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. सासूबाईंनी एकदाच माझ्याकडे बघितलं. तो दोन महिन्यांनी परत समुद्रावर जाणार होता, परत वारे सुटणार होते, आणि त्याला धरायला तो श्रावण हवा होता.

"काकडी," त्या म्हणाल्या.

तो हसला, म्हणाला म्हण खरी आहे म्हणायची. मी त्याच्या पानात आणखी भात वाढला.

कोलो त्यानंतर सहा वर्षं जगला, सगळे पावसाळे भाजलेल्या रेतीत काढले. ज्या श्रावणात नवरा समुद्रावर असे, तेव्हा आमच्याकडे एका जिवापुरती मासळी उघड शिजे. ज्या श्रावणात तो घरी असे, तेव्हा कोलो मावशींकडे महिनाभर पाहुणा म्हणून जाई. सासूबाईंचं तत्त्व साधं होतं. देवापासून काही लपवायचं नाही, मुलापासून लपवलं तर चालतं. चाळीतल्या बायकांनीही ते त्याच्यासमोर कधी काढलं नाही, याबद्दल त्यांचे जुने अपराध मी माफ केलेत.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. नवरा कधीचा बोटीवरून उतरलाय आणि माझं लिहिलेलं पहिलं तोच वाचतो, चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाजवळ धरून. तेव्हा इथवर आला असशील तर ऐक. त्या श्रावणात, सोमवारी, तुझ्या आईने या घरात मांदेली शिजवली. आणि तरी तू आलास.